चंद्रभागाबाईच्या कुंपणावरच्या बाटल्या

मंठाळात चंद्रभागाबाईकडं कुणी साखर उसनी मागायला जात नाही. ती नाही म्हणते असं नव्हे. वाटीभर देते, पण देताना अशी बघते की आपण डबाच उचलायला आलो होतो की काय असं मागणाऱ्यालाच वाटायला लागतं. दुधाच्या झाकणावर ती कोळशाची रेघ ओढून ठेवते. झाकण हललं की रेघ मोडते. सरपणाच्या ढिगावरचं लाकूड कसं आडवं ठेवलंय ते तिच्या ध्यानात असतं. तुरीची डाळ भरडून घेतली की चक्कीवाल्यासमोरच पोत्यात कोपरापर्यंत हात घालते आणि तळाची डाळ वर काढून बघते. आता चक्कीवाल्यानं राग मानायचंही सोडून दिलंय.

लोक हसतात, हसू देत. हा संशय तिनं काही हौसेनं पाळलेला नाही, तो नवऱ्यानं तिच्या पदरात टाकला. दिगंबरराव स्वभावानं गरीब, बोलायला गोड आणि पिण्यात पक्का. बाटली लपवण्यात तर त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. कडब्याच्या गंजीत, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीमागं, एकदा तर देवाच्या फडताळात, उदबत्तीच्या पुड्यांमागं. ती शोधून काढायची आणि तो म्हणायचा, "हे शेवटचं." शेवटी लिव्हरनं त्याला नेलं, तेव्हा शिवराज शाळेत जात होता. दिवसपाणी उरकल्यावर चंद्रभागाबाईनं घर, गोठा, गंज सगळं उपसलं. बाटल्यांचा ढीग लागला. भंगारात घालून त्याचे पैसे करावेत हे तिच्या मनाला पटेना. त्या वर्षी रानडुकरं तुरीत घुसून धुमाकूळ घालत होती. तिनं बाभळीच्या खुंट्यांवर तार ताणली आणि दोन-दोन बाटल्या गळ्याशी बांधून रानाभोवती लटकवल्या.

"जित्तेपणी घर राखलं न्हाई," ती म्हणाली, "आता रान तर राखंल."

तेव्हापासून तिचं कुंपण वाजतं. वारा सुटला की सगळीकडं सारखं किणकिणतं आणि जनावर तारेला भिडलं की एकाच कोपऱ्यात दणका उठतो. त्या आवाजानं डुक्कर बिचकतं, आणि राखणीला बसलेल्या माणसालाही जाग येते. बांधावरच्या खोपीत झोपून चंद्रभागाबाई कोणत्या कोपऱ्यात काय आहे ते डोळे न उघडता सांगायची. गुडघे गेल्यापासून मात्र राखणीचं काम शिवराजकडं आलं. तो हुमनाबादच्या डाळ मिलमध्ये पोती उचलतो. सांजच्याला मोटारसायकलवर परत येतो, आधी रानाकडं वळतो आणि बहुतेक रात्री तिथंच खोपीत काढतो. पोरगं कष्टाळू, वर आईच्या शब्दाबाहेर नाही. "दारूच्या नुसत्या वासानं त्याला मळमळतंय," असं ती चारचौघांत अभिमानानं सांगायची. सगळ्या जगात एवढं एकच झाकण होतं, ज्यावर तिनं रेघ ओढली नव्हती.

तारेवरच्या बाटल्या फुटायच्या, तेव्हा नव्या लागायच्या. त्या ईरण्णा द्यायचा. ईरण्णा हुमनाबादचा. तीनचाकी टेम्पोतून गावोगाव रिकाम्या बाटल्या गोळा करायचा आणि कलबुर्गीच्या व्यापाऱ्याला घालायचा. तोंड फुटलेली बाटली व्यापारी घेत नसे, म्हणून ती तो चंद्रभागाबाईच्या बांधावर ठेवून जायचा. शिवराज ती तारेला बांधायचा. बदल्यात ईरण्णाला हंगामात ओल्या तुरीच्या शेंगा आणि एरवी भाकरी-ठेचा मिळायचा. हा व्यवहार इतकी वर्षं चालला होता की त्याला दोघंही व्यवहार म्हणत नसत. तो तिला अक्का म्हणायचा. ती मात्र तो गेल्यावर बांधावरच्या शेंगा तोडल्या गेल्यात का ते बघून यायची, पण तेवढं कुणाच्या बाबतीतही करायची.

मग सरकारला रिकाम्या बाटल्यांची काळजी वाटायला लागली. काळजी खोटी नव्हती. ओढ्यात, बांधावर, शाळेच्या मागं सगळीकडं काचा. खुरपायला गेलेल्या बाईचा पाय कापला नाही असा आठवडा जात नव्हता. तेव्हा वर बसलेल्यांनी ठरवलं, की दारूच्या बाटलीमागं दहा रुपये जास्तीचे घ्यायचे, बाटलीवर एक चिकटी डकवायची आणि चिकटीसकट रिकामी बाटली दुकानात आणून दिली की दहा रुपये परत. कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती. चंद्रभागाबाईनं ती ऐकल्याबरोबर काढली.

"रिकाम्या बाटलीला पैसे आले, मग ती रिकामी राह्यली कुठं?" ती म्हणाली. "ती तर फुडल्या बाटलीचा इसार झाली."

झालंही तसंच. पूर्वी पिणारा बाटली फेकून घरी यायचा, आता पोत्यात जपून ठेवायला लागला. चार जमल्या की दुकानात, आणि दुकानातून हातात आलेले पैसे दुकानातच. रस्त्यावरच्या चिकटीच्या बाटल्या दिसेनाशा झाल्या, हे खरं. पण जुन्या, आणि सीमेपलीकडून आलेल्या बिनचिकटीच्या होत्या तिथंच राहिल्या. त्या उचलणारा ईरण्णा होता आणि त्याचंच कंबरडं मोडलं होतं. चांगला माल परभारे दुकानातून जायला लागल्यावर उरल्यासुरल्यासाठी गाडी पाठवायला कलबुर्गीचा व्यापारी तयार होईना. चिकटी नाही म्हणून चिडलेले पिणारे बिनचिकटीच्या बाटल्या दगडावर आपटायचे. काचा कमी व्हाव्यात म्हणून केलेल्या योजनेनं मंठाळच्या ओढ्यात पाय ठेवायची सोय ठेवली नाही.

आणि तुरीला शेंगा भरत असताना चंद्रभागाबाईच्या कुंपणावरच्या बाटल्या जायला लागल्या.

पहिल्यांदा ओढ्याच्या बाजूच्या गेल्या. तार जागेवर, सुतळीच्या गाठी नीट सोडलेल्या, बाटल्या गायब. त्याच वाटेनं डुकरं आत आली आणि उभ्या तुरीचा एक तुकडा लोळवून गेली. आडव्या पडलेल्या फांद्या, चावून थुंकलेल्या शेंगा, मऊ मातीत उमटलेले खूर. चंद्रभागाबाई तिथं उकिडवी बसली. वर्षाचं धान्य, सुनेचं बाळंतपण, सगळं याच तुरीवर होतं. तिला रडू आलं नाही, संताप आला. शिवराज खोपीत होता, त्याला जाग कशी आली नाही, हा प्रश्न तिच्या मनात आला होता. पण त्याचं उत्तर तिनंच देऊन टाकलं. दिवसभर पोती उचलून पोरगं दमतं, मुडद्यासारखं पडतं.

मग तिनं बारकाईनं बघितलं. चोर चोखंदळ होता. नुसत्या चिकटीच्याच बाटल्या नेल्या होत्या. दिगंबररावांच्या जुन्या धुरकट बाटल्यांना बोट लावलं नव्हतं. म्हणजे दहा रुपयांची किंमत कळणारा माणूस. ज्याचा धंदा बुडालाय असा, आणि ज्याला या कुंपणाचा कानाकोपरा ठाऊक आहे असा. तिला फार डोकं चालवावं लागलं नाही.

ईरण्णाचा टेम्पो पाण्याच्या टाकीपाशी थांबला होता, तिथंच तिनं त्याला गाठलं. माणसं जमली.

"माझ्या हातची भाकरी खाल्लास," ती म्हणाली, "अन् माझंच रान उघडं पाडलास."

"न्हाई अक्का, मी न्हाई घेतलो," ईरण्णा म्हणाला. "मी कामून घिऊ?"

"त्येच इचारायले मी. कामून घेतलास?"

पंचायतीचे मेंबर अंकुशराव तिथं होते. त्यांनी पुरावा मागितला नाही. भंगार गोळा करणाऱ्याबद्दल असं काही ऐकायला गाव नेहमीच तयार असतं. त्यांनी ईरण्णाला सांगितलं की यापुढं टेम्पो मंठाळात आणायचा नाही. टेम्पो धूर सोडत निघून गेला. एका गावानं चोर म्हटलेल्या माणसाला शेजारची गावंही दारात उभं करत नाहीत, हे चंद्रभागाबाईला कळत होतं. कळून तिला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगा.

पण ईरण्णा गेल्यावरही बाटल्या जातच राहिल्या. या खेपेला रस्त्याच्या बाजूच्या. शिवराजनं तार पुन्हा ताणली, नव्या बाटल्या बांधल्या, आणि काही दिवसांनी त्यातल्याही चिकटीच्या गेल्या. ईरण्णा आडवाटेनं येत असणार, याबद्दल तिला शंका उरली नाही. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, तोंडावर आली होती. येळवसेला अख्खं गाव रानात जेवायला जातं, पै-पाहुणे येतात. त्यांच्यासमोर लोळलेली तूर दाखवायची तिला लाज वाटत होती.

ओढ्याच्या काठी खाजकुयरीचा वेल आहे. त्याच्या वाळल्या शेंगेवरची लव अंगाला लागली की माणूस कातडी सोलून काढावी म्हणतो. चंद्रभागाबाईनं हाताला फडकं गुंडाळलं, शेंगा तोडल्या आणि भरदुपारी, रानात चिटपाखरू नसताना, चिकटीच्या बाटल्यांच्या गळ्यांना आणि गाठींना ती लव चोपडली. कुणाला म्हणून कुणाला सांगितलं नाही. शिवराजला नाही, सुनेला म्हणजे मंजुश्रीलाही नाही. एकाला सांगितलेलं सगळ्यांना कळतं, हा तिचा जन्माचा नियम होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती रानात गेली. तीन खुंट्यांमधल्या चिकटीच्या बाटल्या नव्हत्या. खोपही रिकामी होती. शिवराज पहाटेच मिलला गेला असणार. चंद्रभागाबाई घरी न जाता तशीच फाट्यावर आली आणि बस धरली. बायकांना बस फुकट आहे. तरी कंडक्टरनं दिलेलं शून्याचं तिकीट तिनं उलटसुलट करून बघितलं आणि हुमनाबाद येईपर्यंत मुठीत धरून ठेवलं.

ईरण्णाचं घर हायवेच्या मागं, ढाब्याच्या पाठीला. अंगणात बिनचिकटीच्या बाटल्यांचा माणसाच्या उंचीचा ढीग होता. कुणी नेत नाही, टाकायला जागा नाही. टेम्पोच्या एका चाकातली हवा गेलेली. ईरण्णा एका गोदामात हमालीला निघाला होता, तिला बघून दारातच थांबला. त्याची बायको सावित्रम्मा आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"हात दाव," चंद्रभागाबाई म्हणाली.

ईरण्णानं दोन्ही हात पुढं केले. आधी पालथे, मग उताणे. काचेनं कापलेल्या जुन्या रेघा होत्या. खाजेचा एक फोड नव्हता.

"काय झालं, अक्का?"

"बाटल्या परत गेल्या. मी कुयरी लावली व्हती."

तो चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो चिडला नाही. हात तसेच पुढं धरून त्यानं विचारलं, "कंच्या गेल्या?"

"चिकटीच्या. तेवढ्याच नेतोय. जुन्याला हात लावत न्हाई."

ईरण्णानं अंगणातल्या ढिगाकडं बघितलं. मग हळू म्हणाला, "अक्का, मी तुला चिकटीची बाटली कवा दिलो?"

चंद्रभागाबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"माझी बाटली तोंड फुटकी असते. चांगली मी कामून दिऊ, माझं पोट हाय त्याच्यावर. अन् चिकटीची तर मलाच मिळत न्हाई, पिणारा ती सोडतच न्हाई. हे बघ की ढीग. एकाला तरी चिकटी हाय का?" त्यानं हात खाली घेतले. "नेणारा राहू दे अक्का. तुझ्या तारेला त्या आणून बांधलं कोण, ते बघ."

सावित्रम्मानं चहा आणला. चंद्रभागाबाईनं कपात न बघता तो पिऊन टाकला. दुसऱ्याच्या घरचा चहा तिनं असा कधी प्यायला नव्हता.

परतीच्या बसमध्ये तिला एकेक गोष्ट आठवत गेली, आणि प्रत्येक गोष्ट तिनं याआधी बघितलेली होती. बिनफुटक्या तोंडाच्या बाटल्या तारेवर चकाकताना बघितल्या होत्या, ईरण्णानं चांगल्या दिल्या म्हणून मनात खूशही झाली होती. डुकरं आत आली तरी न उठलेला शिवराज बघितला होता. सुतळीच्या गाठी तोडलेल्या नव्हत्या, सोडलेल्या होत्या. ज्यानं बांधल्या त्यालाच त्या इतक्या नीट सुटतात. बाटल्यांच्या कुंपणात एक बाटली वाढली तर कोण ओळखणार? आईची नजर चुकवायला याहून चांगली जागा बापालाही सापडली नव्हती. आणि आता त्या बाटल्यांना दाम आल्यावर, हात आखडला की पोरगं तारेवरून चार काढायचं आणि त्या देऊन पुढची आणायचं. सरकारनं तिच्या कुंपणाची बँक करून दिली होती आणि तिचाच लेक तिथं खातेदार होता.

घरी आली तेव्हा शिवराज ओट्यावर बसला होता. मिलला गेलाच नव्हता. दोन्ही हात कोपरापर्यंत शेणानं माखलेले, गळ्यावर लाल चट्टे. मंजुश्री अवघडल्या अंगानं वाकून आणखी शेण लावत होती.

"फवारणीचं औषध लागलं, माय," तो म्हणाला.

शेंगा भरलेल्या तुरीला आता कुणी फवारत नाही. हे त्यालाही ठाऊक होतं. एरवी तिनं पंप कुठाय, औषध कोणतं, दुकानाची पावती दाखव, असं सगळं विचारलं असतं. तिनं सुनेच्या हातून शेण घेतलं, त्याच्याजवळ बसली आणि स्वतः त्याच्या बोटांना लावायला लागली. बोटं हुबेहूब बापाची होती.

"कवापासून?" तिनं विचारलं.

शिवराजनं मान वर केली नाही. तसाच म्हणाला, "हे शेवटचं, माय."

चंद्रभागाबाईचा हात थांबला. हा शब्द तिनं ज्याच्या तोंडून ऐकला होता, त्याच्या बाटल्या अजून तारेवर लटकत होत्या. ती उठली आणि हात धुवायला गोठ्याकडं गेली.

येळवसेच्या सकाळी मंठाळच्या वेशीतून ईरण्णाचा टेम्पो आत आला. पुढं, त्याच्या शेजारी, चंद्रभागाबाई बसली होती. ती हुमनाबादला जाऊन, चाकात हवा भरायला लावून, त्याला घेऊन आली होती. पाण्याच्या टाकीपाशी तिनं टेम्पो थांबवायला सांगितला. अंकुशराव डोक्यावर जेवणाची पाटी घेतलेल्या गड्याबरोबर रानाकडं निघाले होते.

"मेंबर," ती खाली न उतरताच म्हणाली, "ईरण्णानं काही नेलं न्हाई. मी खोटी पडले. माझ्याच घरातला हाय चोर."

अंकुशराव काहीतरी समजुतीचं बोलायला लागले. ती म्हणाली, "तुमी त्याला सगळ्यांफुडं जा म्हणलात. आता सगळ्यांफुडं ये म्हणा." त्यांना ते म्हणावं लागलं. मग टेम्पो रानात गेला. तारेवर उरलेल्या चिकटीच्या बाटल्या तिनं फडकं गुंडाळल्या हातानं स्वतः सोडल्या आणि ईरण्णाच्या पोत्यात घातल्या. डुकरांना वाट आणखी मोकळी झाली, ते तिला दिसत होतं.

येळवसेच्या पूजेसाठी उभ्या केलेल्या कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडले होते, चुना लावलेले दगड. पूजा झाली, पंगत बसली. शेंगा-पालेभाज्या घोटून केलेल्या भज्जीचा वास रानभर सुटला होता. शिवराज पंगतीत होता, फडकं बांधलेल्या हातांनी जेवत होता आणि कुणाकडं बघत नव्हता. आंबिलीचा पहिला लोटा चंद्रभागाबाईनं ईरण्णाला दिला. तो घेताना तिच्या तोंडाकडं बघत राहिला, आणि मग प्यायला.

वाढणं उरकल्यावर ती मंजुश्रीशेजारी, तुरीच्या सावलीत टेकली. एक गोष्ट तिला विचारायचीच होती.

"तुला म्हाईत व्हतं?"

"व्हय, आत्या."

"मग मला कामून सांगितली न्हाईस?"

मंजुश्रीनं पदरानं तोंड पुसलं. "आधी वाटलं, तुमालाबी म्हाईत हाय. तुमी समद्या गावावर नजर ठिवताव, घरातलं दिसंना व्हय, असं वाटलं मला. मग तुमी ईरण्णाअण्णाला बोललाव, तवा कळलं." तिनं सासूकडं सरळ बघितलं. "तवा सांगितलं असतं तर खरं मानलं असताव का?"

वारा सुटला होता. तारेवर फक्त दिगंबररावांच्या जुन्या बाटल्या उरल्या होत्या, त्या विरळ किणकिणत होत्या. चंद्रभागाबाईनं खरोखर विचार केला.

"न्हाई," ती म्हणाली. "तुझ्यावरच संशय घेतले असते."

मग तिनं आंबिलीचा लोटा भरला, सुनेच्या हातात दिला, आणि आज रात्रीपासून खोपीत शिवराजचं नको, माझं अंथरूण टाक म्हणून सांगितलं.